‘सर्च’ची शिक्षणसाधने : गडचिरोलीपासून शहापूर-मुरबाडपर्यंत

‘सोसायटी फॉर एज्युकेशन, ॲक्शन अँड रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ म्हणजेच ‘सर्च’ या संस्थेचे काम १९८६ मध्ये गडचिरोलीत सुरू झाले. चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला त्याला तेव्हा चारच वर्षे झाली होती. संस्थापक डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दोघेही नागपूरहून एम.डी. झालेले, अभय बंगांचा विषय वैद्यकशास्त्र, राणी बंगांचा स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र. वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत काही वर्षे काम करून दोघे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले आणि परतल्यावर त्यांनी गडचिरोली निवडली. तेंदूपत्ता साठवण्याच्या एका जुन्या गोदामात संस्थेचा पहिला दवाखाना आणि पहिली प्रयोगशाळा उभी राहिली. पुढे संस्थेचे नाव झाले ते ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकांत आलेल्या संशोधनामुळे. त्या संशोधनाच्या पोटात, न लिहिता-वाचता येणाऱ्या बाईच्या हाती रोगाची ओळख कशी द्यायची, या प्रश्नावर घडलेली साधने आहेत. हा इतिहास मुख्यतः त्या साधनांचा आहे.

त्या काळी सरकारी आरोग्यशिक्षण म्हणजे बहुतेक वेळा भिंतीवरचे पोस्टर, गावात येणारी चित्रगाडी आणि शाळेत वाटलेली घडीपत्रिका. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण सर्वांना ओळखीचा झाला होता. पण पोस्टर पाहून हातात काही करायला उरत नसे. दुसरी वाटही महाराष्ट्रातच पडली होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला गावातल्याच, बहुतांश निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले होते. चित्रांचे पत्ते, गाणी आणि एकमेकींना सांगून पक्के करण्याची रीत यांवर त्यांचे शिक्षण चाले. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली तेव्हा जगासमोर जी मोजकी उदाहरणे होती, त्यांत जामखेड होते. गडचिरोलीत या वाटेला एक गोष्ट जोडली गेली: शिकवलेले खरोखर कामी आले का, हे मोजून पाहण्याची शिस्त.

पहिला धडा संस्थेलाच मिळाला. आदिवासींमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, हे संस्थेने पाहणी करून दाखवले. शासनानेही त्याची दखल घेतली. पण गावांतून प्रतिसाद आला नाही. लोकांच्या लेखी तो त्यांचा प्रश्न नव्हता आणि त्यावर त्यांना करता येण्याजोगे फारसे काही नव्हते. संशोधकाला महत्त्वाचा वाटणारा रोग आणि आईला रात्री जागे ठेवणारा रोग वेगवेगळे असू शकतात, हे इथे कळून चुकले. यापुढे विषय लोकांच्या बोलण्यातून घ्यायचा, असे ठरले.

बायकांच्या बोलण्यातून आला तो स्त्रीरोगांचा विषय. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता आणि यापूर्वी कधी तरी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. जानेवारी १९८९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि विकसनशील देशांतील स्त्रियांच्या आरोग्याचा विचार कुटुंबनियोजन व बाळंतपण यांच्यापलीकडे गेला. मात्र निष्कर्ष आधी गावांना सांगायला हवे होते, आणि ते निबंध वाचून दाखवून सांगता येण्याजोगे नव्हते. त्यासाठी जत्रेचे रूप घेतले गेले. चित्रांचे प्रदर्शन, नाटक, गाणी आणि प्रश्नोत्तरे असा तो मेळा असे. शरीराच्या आतल्या ज्या भागाबद्दल बाईने उभ्या आयुष्यात मोठ्याने बोललेले नसते, त्याचे चित्र चारचौघींत पाहायला मिळाले की पहिला प्रश्न विचारायला फार वेळ लागत नाही. हे काम राणी बंग यांचे. बायकांना आजार कसा दिसतो, त्याला त्या काय म्हणतात, त्याचे कारण काय मानतात, हे आधी ऐकून घ्यायचे आणि मगच चित्र काढायचे, हा क्रम त्यांनी घालून दिला.

साधनांच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा टप्पा मुलांच्या न्यूमोनियाचा आहे. १९८८ च्या सुमारास या भागात जन्मणाऱ्या दर १,००० बाळांपैकी १२१ बाळे पहिल्या वर्षात दगावत होती. मुलांच्या मृत्यूंची कारणे घरोघर विचारून नोंदवली तेव्हा सर्वांत मोठे कारण न्यूमोनिया निघाले. औषध अवघड नव्हते. को-ट्रायमोक्झाझोलचे सिरप स्वस्त होते आणि तोंडाने देता येत होते. अवघड होते ते निदान. खेड्यात एक्स-रे नाही, स्टेथोस्कोप वापरणारा माणूस नाही, आणि साधा सर्दी-खोकला तर सगळ्याच मुलांना होतो. त्यातला न्यूमोनिया कोणता?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर पापुआ न्यू गिनीतून आले होते. फ्रँक शॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की खोकणाऱ्या मुलाचा श्वास मिनिटाला ५० पेक्षा जलद असेल, तर तो न्यूमोनिया समजून औषध सुरू करणे योग्य ठरते. दोन महिन्यांखालच्या बाळांसाठी हा आकडा पुढे ६० मानला गेला. म्हणजे स्टेथोस्कोपवाचून, नुसते छातीकडे पाहून आणि मोजून निदान होऊ शकत होते. मात्र गावात मुलांपाशी सगळ्यांत आधी पोहोचणारी व्यक्ती म्हणजे दाई, आणि गडचिरोलीतल्या कितीतरी दायांना बारा-पंधरापलीकडे मोजता येत नव्हते. हातात घड्याळ नव्हते. असते तरी सेकंदकाटा वाचता आला नसता.

इथे दोन मार्ग होते. दायांना शंभरापर्यंत अंक शिकवणे हा एक. तो वेळखाऊ होता आणि पन्नाशी-साठीतल्या बाईला अपमानाचाही वाटला असता. दुसरा मार्ग मोजणीच तिच्या आवाक्यात आणण्याचा, आणि संस्थेने तोच घेतला. त्यातून ‘श्वासमापक’ तयार झाला. एका छोट्या चौकटीत मण्यांच्या दोन ओळी आणि शेजारी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ, एवढेच ते साधन. वाळूचे घड्याळ उलटायचे, बाळाच्या पोटाकडे पाहायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून दहा मोजायचे. मोठ्या बाळाच्या ओळीत पाचवा मणी लाल, तान्ह्याच्या ओळीत सहावा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनिया, नाहीतर साधा खोकला.

हे साधन दिसायला बाळबोध आहे. रचनेत मात्र बरीच अक्कल आहे. दहा हा आकडा दोन्ही हातांच्या बोटांवर मावतो, त्यामुळे मोठी संख्या डोक्यात धरून ठेवण्याची गरज उरत नाही. ती मणी धरून ठेवतो. वय लक्षात ठेवून मर्यादा आठवण्याचे काम ओळ करते. बेरीज आणि तुलना ही दोन्ही कामे लाल रंग करतो. दाईकडे उरते ते तिला उत्तम जमणारे काम: बाळ शांत होईपर्यंत थांबणे आणि त्याच्याकडे टक लावून पाहणे. बाळ रडत किंवा अंगावर पीत असताना मोजले तर उत्तर चुकते, आणि हे दाईला कुणा डॉक्टरपेक्षा कमी कळत नव्हते. शिवाय निदान सर्वांदेखत होते. लाल मणी सरकताना आई पाहते, सासू पाहते. औषध का द्यायचे हे वेगळे पटवावे लागत नाही, आणि मणी सरकला नाही तर औषध का नको, हेही पटते. पोस्टर आणि असे साधन यांत फरक पडतो तो इथे. पोस्टर सांगून मोकळे होते. श्वासमापक वापरणारीला प्रत्येक वेळी एक उत्तर काढून देतो आणि ते उत्तर तिचे स्वतःचे असते. संस्थेने हे साधन बनवून थांबण्याऐवजी दायांचे निदान तपासून पाहिले आणि १९९२ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला.

साधनाबरोबर भाषाही घ्यावी लागली. धाप लागलेल्या मुलाला या भागात ‘लहाक’ लागली म्हणतात, आणि बरगड्यांखाली पोट आत ओढले जाऊ लागले की ‘डब्बा’. आयांना ही दोन्ही लक्षणे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. न्यूमोनिया हा शब्द तेवढा नवा होता. म्हणून गावसभांत आणि घरोघरी जुन्याच नावांनी माहिती दिली गेली. शंभराहून अधिक गावांत हा प्रयोग झाला. काही गावांत पालकांचे शिक्षण आणि निमवैद्यकीय कर्मचारी, गावातले आरोग्य कार्यकर्ते व दाया यांच्याकडून उपचार. उरलेल्या गावांत फक्त नोंदी. न्यूमोनियाने होणारे मृत्यू प्रयोगाच्या गावांत दर हजार मुलांमागे ८.१ आणि तुलनेच्या गावांत १७.५ असे आढळले. १९९० मध्ये हा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला.

या सुमारास संस्थेच्या कामाला आणखी दोन फाटे फुटले. एक दारूविरोधी लोकचळवळीचा, ज्याची परिणती १९९३ मध्ये जिल्ह्यातील दारूबंदीत झाली. तो इतिहास स्वतंत्रपणे लिहावा असा आहे. दुसरा धानोरा रस्त्यावर चातगावजवळ उभ्या राहिलेल्या ‘शोधग्राम’चा. रुग्णालय कसे हवे हे आदिवासींना विचारले गेले. मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, नातेवाइकांना जवळ राहता येत नाही, असे त्यांनी सांगितले. म्हणून रुग्णालय गोंड पाड्यासारखे, झोपड्यांच्या धर्तीवर बांधले आणि नाव लोकांनीच सुचवले: माँ दंतेश्वरी दवाखाना. वास्तूही माणसाला काही शिकवत असते, एरवी बहुधा घाबरायलाच.

न्यूमोनियाचे मृत्यू घटले तरी जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातले मृत्यू हटेनात. १९९५-९६ मध्ये संस्थेने ३९ गावांतल्या नवजात बाळांची घरी जाऊन वर्षभर केवळ नोंद ठेवली. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती; ती मिळालेली बाळे शंभरात तीनही नव्हती. बाळंतीण आणि बाळ अंधाऱ्या खोलीत, बाहेर न्यायचे नाही, पहिला चीक पिळून टाकायचा, जन्मताच अंघोळ घालायची, अशी रीत होती. अशा घरात रुग्णालय नेणे एवढाच उपाय होता. त्यासाठी प्रत्येक गावातली थोडे शिकलेली एक बाई निवडून तिला ‘आरोग्यदूत’ केले.

आरोग्यदूताला लिहिता-वाचता येत होते, त्यामुळे तिची साधनेही बदलली. मण्यांची जागा घड्याळाने घेतली. थर्मामीटर, झोळीचा वजनकाटा, बाळाला गुंडाळायची उबदार पिशवी, गुदमरलेल्या बाळाला श्वास देण्यासाठी पिशवी-मुखवटा आणि चित्रांसह सोप्या मराठीत लिहिलेली पुस्तिका तिच्याजवळ आली. जंतुसंसर्ग ओळखणे ही सर्वांत अवघड गोष्ट. त्यासाठी पुढे नोंदींचा अभ्यास करून सात लक्षणांची यादी पक्की झाली. रडणे मंदावणे, दूध ओढणे कमी होणे, अंग लुळे पडणे, गार किंवा तापलेले लागणे, अशी ती लक्षणे आईच्या नजरेला येणारी आहेत. सातांतली कोणतीही दोन एका वेळी दिसली तर उपचार सुरू करायचा किंवा रुग्णालयात पाठवायचे. एखाद्या बालरोगतज्ज्ञाच्या अनुभवाची इतकी छोटी पुरचुंडी बांधता येते, यावर अनेक तज्ज्ञांचा विश्वास बसला नव्हता. गावातल्या बाईने नवजात बाळाला जेन्टामायसिनचे इंजेक्शन द्यावे का, यावर तर मोठा वाद झाला. उत्तर आकड्यांनी दिले. १९९३-९५ मध्ये प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ होता. १९९७-९८ मध्ये तो २५.५ वर आला, तुलनेच्या गावांत तेव्हा तो ५९.६ होता. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत, उपचार सुरू झाल्यावर २.८ टक्के. डिसेंबर १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झाले.

किशोरवयीन मुलामुलींसाठी राणी बंग यांनी सुरू केलेले ‘तारुण्यभान’ हे शिबिरही याच परंपरेतले. शरीराची चित्रे, चिठ्ठीवर नाव न घालता विचारलेले प्रश्न आणि त्यांची उघड उत्तरे हा त्याचा गाभा. महाराष्ट्रातल्या अनेक शाळा-महाविद्यालयांत ते पोहोचले.

गडचिरोलीत जमले ते इतरत्र जमेल का, याची परीक्षा ‘अंकुर’ प्रकल्पात झाली. २००१ ते २००५ या काळात महाराष्ट्रातील सात संस्थांनी ही पद्धत आपापल्या भागात राबवली. दरम्यान ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यातील बालमृत्यूंचा खरा आकडा सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी मोठा आहे, हे पुढे आणले. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू होऊन गावोगाव ‘आशा’ या आरोग्य कार्यकर्त्या आल्या आणि त्यांच्या प्रशिक्षणात नवजात बाळाची घरगुती काळजी हा विषय आला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी घरभेटींची संयुक्त शिफारस केली; २०११ मध्ये केंद्र सरकारने देशभरासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ही पद्धत त्यामुळे सरकारी वाटेने आली. वाशिंद, किन्हवली, डोळखांबच्या आशेच्या पिशवीत डिजिटल घड्याळ, थर्मामीटर, झोळीचा वजनकाटा, घोंगडी आणि चमचा असतो. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी. घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची एक जास्त. श्वासमापक या पिशवीत नाही. आशा शिकलेली असल्याने तो लागत नाही, हे खरे. पण मणी सरकताना घरातल्या सगळ्यांना जे दिसत होते ते घड्याळाच्या आकड्यात दिसत नाही, ही उणीवही खरी. जिथे कार्यकर्त्यांना अक्षरओळख नाही अशा दक्षिण सुदानमध्ये मोजणीच्या मण्यांचा वापर नंतरही झाला आहे. आणखी एक अडचण कागदाची: भेटीचा फॉर्म हा आशेच्या मानधनाचा पुरावा असतो, त्यामुळे बाळाकडे पाहण्याआधी रकाना भरण्याची घाई होण्याचा धोका राहतो. गडचिरोलीत असे फॉर्म पर्यवेक्षक बाळासमोर बसून ताडून पाहत असत.

या दोन तालुक्यांत सरकारी यंत्रणेची आणखी काही दृश्य साधने रोजच्या वापरात आहेत, आणि त्यांतली जी चालतात ती हाताने करून पाहण्याजोगी आहेत. अंगणवाडीतली दंडघेराची पट्टी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती गुंडाळली की ११.५ सेंटीमीटरखाली लाल, १२.५ पर्यंत पिवळा, त्यावर हिरवा भाग दिसतो. कुपोषण कळायला वय आणि वजन यांचा मेळ घालावा लागत नाही. पाण्यात क्लोरिन उरला आहे का हे पाहण्यासाठी ओ.टी. चाचणी आहे. जंतुनाशक टीसीएल पावडर टाकलेल्या पाण्यात चाचणीच्या द्रावणाचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते, न झाले तर क्लोरिन उरलेला नाही. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. टँकरचे पाणी विहिरीत ओतून पिणाऱ्या पाड्यावर ही पिवळी छटा फार कामाची ठरते. ग्रामपंचायतीला पाण्याच्या सुरक्षिततेनुसार मिळणारी लाल, पिवळी, हिरवी कार्डेही आहेत; ती मात्र कार्यालयात राहतात, विहिरीवर दिसत नाहीत.

साधनांपेक्षा मोठी अडचण इथे स्थलांतराची आहे. दिवाळीनंतर कातकरी आणि ठाकूर कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. गडचिरोलीची पद्धत गावात राहणाऱ्या बाळासाठी घडली होती. बाळ भट्टीवर जन्मले तर सहा भेटींचे वेळापत्रक कोणत्या आशेचे, हा प्रश्न उरतो. २०१८ पासून भेटींचा कार्यक्रम तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यापर्यंत वाढला. भाद्रपदात जन्मलेल्या बाळाच्या यांतल्या पहिल्या दोन भेटी नेमक्या भट्टीच्या हंगामात येतात. कुटुंब निघण्याआधी गावच्या आशेने माता-बाल संरक्षण कार्डावर पुढच्या भेटींच्या तारखा लिहून देणे, आईकडून बाळाचे पोट आणि तळपाय हाताने चाचपून गारठा ओळखून घेणे, धोक्याची लक्षणे तिच्या तोंडून वदवून घेणे, आणि भट्टी ज्या गावच्या हद्दीत आहे तिथल्या आशेला फोनवर कळवणे, एवढे झाले तर खंड बराच भरून निघतो. यांतल्या शेवटच्या गोष्टीसाठी गावच्या आणि भट्टीच्या अशा दोन्ही तालुक्यांच्या आरोग्य कार्यालयांना भट्ट्यांची यादी हंगामाच्या सुरुवातीलाच एकमेकांना द्यावी लागते.